वाचक विचारतात: मालिकेतल्या अभिनेत्रीचं काम

या वेळी आलेल्या पत्रांत बरीचशी पत्रं मालिकांमध्ये काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मुलींची आणि त्यांच्या पालकांची आहेत. अभिनय कसा करावा हे त्यांत फारसं कुणी विचारलेलं नाही. पैसे, करार, वेळ आणि सुरक्षितता हेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले आहेत, आणि ते योग्यच आहेत. चेहरा घराघरांत पोहोचला तरी मालिकेतली अभिनेत्री दिवसाच्या दरावर काम करते. तिची कारकीर्द किती टिकेल हे जितकं कॅमेऱ्यासमोर ठरतं तितकंच करारावर आणि हजेरीच्या नोंदीवर ठरतं.

मुलगी वीस वर्षांची आहे. एकांकिका स्पर्धांत तिला बक्षिसं मिळाली आहेत. मालिकेसाठी मुंबईत राहायला जावंच लागतं का? एका संस्थेने नोंदणीचे पंचवीस हजार रुपये मागितले आहेत. द्यावेत का?
एक पालक, मिरज

आधी पैशांचं सांगतो: देऊ नका. नोंदणी, ‘चॅनेलचा फॉर्म’, ओळखपत्र, आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ, अशा कोणत्याही नावाखाली आधी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. कास्टिंग करणाऱ्याचा मोबदला निर्मितीसंस्था देते. कोऑर्डिनेटर, म्हणजे काम मिळवून देणारा मध्यस्थ, कमिशन घेतो, पण काम झाल्यावर, त्याचे पैसे तुमच्या खात्यात आल्यावर आणि आधी ठरलेल्या टक्क्यांनी. ऑडिशनसाठी हॉटेलच्या खोलीवर किंवा कुणाच्या घरी बोलावलं तर जाऊ नका. ऑडिशन कार्यालयात, स्टुडिओत किंवा सेटवर होते आणि सोबत पालक आले म्हणून कुणी हरकत घेत नाही.

पहिल्या फेरीसाठी मुंबईत असण्याची आता गरज नाही. प्रसंग फोनवर येतो, साधारण एक-दीड पानाचा, आणि व्हिडिओ करून पाठवायचा असतो. फोन आडवा आणि डोळ्यांच्या रेषेत ठेवावा. मागे एकरंगी भिंत असावी आणि मुलीने भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभं राहावं, म्हणजे मागे सावली पडत नाही. उजेड समोरून यावा. खिडकी पाठीशी असेल तर चेहरा काळा दिसतो. पंखा बंद ठेवावा. समोरच्या पात्राची वाक्यं वाचणाऱ्याला फोनच्या अगदी शेजारी उभं करावं, म्हणजे मुलीची नजर योग्य जागी राहते. मात्र त्याने हळू आवाजात वाचायला हवं. माइक त्याच्या जवळ असल्यामुळे त्याचाच आवाज मोठा आणि मुलीचा लहान येतो, आणि घरून केलेल्या ऑडिशनमध्ये हाच दोष सर्वांत जास्त आढळतो.

प्रसंगाआधी नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा आणि कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते सांगायचं. मग समोरून, डावीकडून, उजवीकडून चेहरा आणि एकदा पूर्ण उंची दाखवायची. ब्युटी फिल्टर बंद ठेवावा, कारण पुढच्या फेरीत खरा चेहरा दिसणारच आहे. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की त्याचा दर्जा उतरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हची लिंक पाठवावी. फाइलच्या नावात मुलीचं नाव, वय आणि भूमिका असावी.

स्पर्धेतून येणाऱ्या मुलींना एक गोष्ट मुद्दाम सोडावी लागते: शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सवय. छातीपर्यंतच्या चौकटीत भुवई जरा उचलली तरी दिसते. प्रसंग एकदा नाटकासारखा आणि एकदा शेजारच्या माणसाशी बोलल्यासारखा करून दोन्ही पाहा, फरक लगेच कळेल.

निवड पुढे सरकली तर लूक टेस्ट होते, म्हणजे भूमिकेच्या वेशात मुलगी कशी दिसते ते पाहतात, मग सहकलाकारासोबत मॉक शूट, म्हणजे चाचणीचं चित्रीकरण, आणि शेवटी वाहिनीची मंजुरी. मॉक शूट झालं म्हणजे काम मिळालं असं नाही. करारावर सही होईपर्यंत कॉलेज किंवा नोकरी सोडू नये. आणि तुम्ही मिरजेचे आहात म्हणून सांगतो: सगळ्याच मालिका मुंबईत होत नाहीत. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडे, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्यात आणि ‘रात्रीस खेळ चाले’ सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रित झाली. अशा मालिकांना त्या भागाची बोली अस्सल बोलणारे कलाकार हवे असतात. मुलीची बोली हे तिचं भांडवल आहे, ती पुसून टाकू नका.

नायिकेच्या बहिणीची भूमिका मिळाली आहे. दिवसाला पाच हजार ठरले आहेत. वीस पानांचा इंग्रजी करार हातात दिलाय आणि उद्या सही करायला सांगतात. काय पाहू?
एक वाचक, डोंबिवली

सर्वांत आधी एक-दोन दिवसांची मुदत मागा आणि करार कुणा वकिलाला दाखवा. मुदत मागितली म्हणून काम जात नाही, कारण वाहिनीची मंजुरी झाल्यावर तुमच्या जागी दुसरी मुलगी शोधणं त्यांनाही परवडत नाही.

पहिला मुद्दा दिवसांचा. दर पाच हजार आहे, पण महिन्यात किती दिवस? करारात किमान दिवसांची हमी लिहिलेली असेल तर दिवस कमी भरले तरी तेवढे पैसे मिळतात. ती नसेल, तर कथेचा रोख दुसरीकडे वळला की बहिणीच्या वाट्याला महिन्यात फक्त चार दिवससुद्धा येऊ शकतात. याच जागी एक्सक्लुझिव्हिटीचं कलम पाहा, म्हणजे या मालिकेत असताना दुसऱ्या वाहिनीवर काम करायचं नाही अशी अट. अट घालायची तर हमी द्यायला हवी. एक आहे आणि दुसरी नाही, असा करार सहायक भूमिकेसाठी तोट्याचा आहे. हमी मिळत नसेल तर निदान जाहिरात, नाटक, चित्रपट आणि वेब मालिका यांना मोकळीक लिहून घ्या.

‘दिवस’ म्हणजे काय हेही कागदावर हवं. बारा तासांची शिफ्ट ही या धंद्यातली रूढ मोजणी आहे. ती कॉल टाइमपासून, म्हणजे हजर राहायला सांगितलेल्या वेळेपासून, मोजायची की मेकअप होऊन सेटवर आल्यापासून? कॉल टाइमपासून, असं लिहून घ्या. मेकअप करून आठ तास बसवलं आणि दृश्य झालंच नाही, तरी तो पूर्ण दिवस. आदल्या रात्री कॉल देऊन सकाळी रद्द केला तर काय? बारा तासांवर काम गेलं तर काय? प्रोमो, वाहिनीचे सोहळे आणि गावोगावच्या प्रसिद्धीचे दौरे दिवसात धरायचे की फुकट? महिन्याअखेरीस वाद होतो तो नेमका या जागांवर.

आता पैसे हातात कधी येतात ते पाहा. बहुतेक करारांत बिलानंतर ९० दिवसांची मुदत असते. तुमच्याच दराने हिशेब करू. जूनमध्ये १८ दिवस भरले तर ९०,००० रुपये झाले. १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर), म्हणजे ९,००० कापून ८१,००० येणार. कोऑर्डिनेटरचे १० टक्के धरले तर हातात ७२,०००. बिल ३० जूनला दिलं तर ९० दिवस २८ सप्टेंबरला भरतात. १ जूनला उभं राहिलेल्या मुलीला पहिला रुपया दिसायला जवळजवळ चार महिने जातात. मधल्या काळातलं घरभाडं, डिपॉझिट, प्रवास आणि जेवण यांची सोय आधी करून ठेवावी लागते. मुंबईत आलेल्या अनेक मुली अभिनयात कमी पडत नाहीत, या चार महिन्यांत अडतात. मालिका संपल्यावर याच्या उलट होतं: काम थांबतं, पण तीन महिने जुने पैसे येत राहतात. तेच दिवस ऑडिशन देण्याचे असतात. पैसे थांबल्यावर जाग आली तर पुढची मालिका लागेपर्यंत हात रिकामे राहतात.

टीडीएस कापला म्हणजे सरकारकडे भरला गेलाच असं समजू नका. दर तिमाहीला प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर २६एएस, म्हणजे आपल्या नावे भरलेल्या कराचा तक्ता, उघडून आपल्या पॅनवर रक्कम दिसते का ते पाहा. दिसली नाही तर लगेच लेखी विचारा. कर कमी बसत असेल तर विवरणपत्र भरून परतावा घ्या. मालिका, जाहिराती आणि उद्घाटनं मिळून वर्षाची कमाई २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. तिथे एक खड्डा आहे. पैसे ९० दिवसांनी येत असले तरी १८ टक्के जीएसटी बिलाच्या तारखेनुसार भरावा लागतो. तेवढी रक्कम बाजूला नसेल तर स्वतःच्या खिशातून जाते आणि उशीर झाला की व्याज लागतं.

करार मोडण्याचं कलम शेवटी असतं, पण ते सावकाश वाचा. नेहमीच्या मसुद्यात निर्माता तुम्हाला थोड्या दिवसांत काढू शकतो आणि तुम्हाला मात्र एक-दोन महिने आधी सांगावं लागतं. मुदत दोघांना सारखी मागा. केस किती कापता येतील, वजन आणि समाजमाध्यमांवरचे फोटो यांविषयीही अटी असतात, त्या वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही डोंबिवलीच्या आहात. सेट मढला किंवा घोडबंदर रस्त्यावर असेल तर बारा तासांच्या शिफ्टला जाण्यायेण्याचे चार तास जोडले जातात. रात्री पॅकअप झाल्यावर घरापर्यंत गाडी, हे तोंडी नको, लेखी हवं. बाहेरगावच्या चित्रीकरणासाठी राहणं, जेवण आणि वैद्यकीय खर्चाची जबाबदारी कुणाची हेही लिहून घ्या. २०२० मध्ये साताऱ्यात मालिकेचं चित्रीकरण सुरू असताना कोविड होऊन ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर गेल्या. रोजच्या दरावर काम करणाऱ्या कलाकाराला पगारी नोकरासारखी वैद्यकीय सोय नसते, म्हणून स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी पहिल्याच कमाईतून काढा.

सही झाली की एक वही करा: तारीख, कॉल टाइम, सेटवर आल्याची वेळ, पॅकअप, दृश्यांचे क्रमांक. महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकूण दिवस प्रॉडक्शन मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर कळवून ‘बरोबर’ असं उत्तर घ्या आणि मगच बिल पाठवा. थकबाकीचा वाद झाला तर सिन्टा या कलाकारांच्या संघटनेकडे दाद मागता येते. तिथे पहिला प्रश्न येतो तो करार आणि हजेरीच्या नोंदीचा.

एकाने थप्पड मारली की घरातल्या सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा का दाखवतात? आणि ते रडणं खरं असतं का?
एक प्रेक्षक, नाशिक

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो, आणि आठवड्याला सहा भाग द्यायचे असतात. म्हणजे रोज जवळजवळ एक भाग तयार व्हायला हवा. तयार भागांचा साठा, ज्याला सेटवर ‘बँक’ म्हणतात, दोन-तीन भागांवर आला की लेखनाला वेळच उरत नाही. पानं कमी पडली की रिअॅक्शनवर वेळ काढला जातो.

दृश्य घेण्याची पद्धतही याला कारण आहे. आधी सगळ्यांचा मास्टर होतो, म्हणजे सगळे एकत्र दिसतील असं पूर्ण दृश्य घेतात. मग एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा, म्हणजे सजेशन, आणि त्यानंतर एकेकाचे क्लोज, म्हणजे जवळून घेतलेले चेहरे. प्रकाशयोजना एका बाजूची असते, म्हणून त्या बाजूचे सगळे क्लोज आधी उरकतात आणि मग लाइट फिरवतात. दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या अभिनेत्रीचा रडण्याचा क्लोज मास्टरनंतर दीड तासाने येऊ शकतो, आणि तोपर्यंत थप्पड मारणारा सहकलाकार दुसऱ्या युनिटला गेलेला असतो. सहायक दिग्दर्शक कोरड्या आवाजात त्याची वाक्यं वाचतो आणि तिला त्यावर रडायचं असतं. या कामातलं खरं कसब इथे दिसतं, आणि त्याचं श्रेय या अभिनेत्रींना पुरेसं मिळत नाही.

अनेकजणी स्वतःहून रडतात. पाचव्या टेकला पाणी आटलं तर ग्लिसरिन असतं. ते डोळ्यात घालत नाहीत. खालच्या पापणीच्या खाली अगदी थोडं लावतात, त्याने डोळा चुरचुरतो आणि खरं पाणी येतं. जास्त लागलं तर डोळा लाल होतो आणि पुढच्या आनंदाच्या दृश्याची पंचाईत होते. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढाव्या लागतात.

सर्वांत जिकिरीची असते कंटिन्यूटी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दृश्यांचा मेळ. नायिका बंगल्याच्या दारातून आत शिरते तो भाग सोमवारी बाहेर चित्रित होतो आणि दिवाणखान्यातलं तिचं पहिलं पाऊल पुढच्या गुरुवारी सेटवर. पदर कोणत्या खांद्यावर किती सरकला होता, हातात बांगड्या किती, टिकली केवढी, गंगावन लावलेली वेणी पुढे होती की मागे, पर्स कोणत्या हातात, नखांचा रंग कोणता, हे सगळं जुळावं लागतं. सहायक फोटो काढतो. तरी सरावलेली अभिनेत्री दृश्य संपताच स्वतःच्या फोनवर समोरून, मागून आणि दोन्ही हातांचे फोटो घेते, कारण चूक दिसली तर प्रेक्षक तिचंच नाव घेतात. लॅपल माइक पदराखाली लावलेला असतो. रेशमी साडीची सळसळ किंवा बांगड्यांचा आवाज त्यात गेला की उत्तम झालेला टेकसुद्धा पुन्हा द्यावा लागतो. म्हणून भावनेच्या दृश्यात हात कमी हलवायची सवय होते. ती संयत शैली वाटते, पण तिचं निम्मं कारण तो माइक असतो.

आवडत्या मालिकेतली नायिका एका रात्रीत बदलली. आधी कळवत का नाहीत?
एक वाचक, पुणे

करारातच गोपनीयतेचं कलम असतं, त्यामुळे जाणारी अभिनेत्री बोलू शकत नाही. बाळंतपण, आजारपण, तारखांचा मेळ न बसणं, पैशांवरचे मतभेद, अशी कारणं असतात. बँक दोन-तीन भागांचीच असेल तर नवी मुलगी शोधून आठवड्यात उभी करावी लागते. भूमिका तितकी महत्त्वाची नसेल तर पात्राला परगावी पाठवतात, म्हणजे परतीची वाट उघडी राहते. दर गुरुवारी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात आणि त्यावर कथेच्या पुढच्या ट्रॅकची चर्चा होते. एखाद्या पात्राचे दिवस अचानक वाढले किंवा घटले तर बऱ्याचदा कारण तिथे असतं.

वय ४३. लग्नाआधी प्रायोगिक नाटकं केली होती. मुलं मोठी झाली. आता मालिकेत सुरुवात करणं शक्य आहे का?
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

शक्य आहे, आणि विशीतल्या मुलीपेक्षा काही बाबतींत सोपं आहे. एका कुटुंबमालिकेत नायिका एकच असते, पण आई, सासू, काकू, मावशी, शेजारीण, वकीलबाई अशा भूमिका पाच-सहा तरी असतात, आणि त्यांना मराठी नीट बोलणारी, पाठांतर पक्कं असलेली बाई हवी असते. संवाद अनेकदा सेटवरच हातात येतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पाठ करावे लागतात. नाटकाची तालीम केलेल्यांना हे जमतं.

आता थोडं मागे वळून पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे प्रायोजित मालिका आल्या तरी त्या आठवड्याला एक भाग आणि तेरा भागांच्या हिशेबाने चालत, त्यामुळे नाटक सांभाळून त्या करता येत. खासगी वाहिन्या आल्यावर चित्र पालटलं. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली, आजची झी मराठी. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘आभाळमाया’ने सुकन्या कुलकर्णी यांना घराघरांत नेलं. मग ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग, आणि कविता लाड व रोहिणी हट्टंगडी यांचा चेहरा एका पिढीच्या रोजच्या संध्याकाळचा भाग झाला.

रोहिणीताईंची वाटचाल तुम्ही जरूर अभ्यासावी. १९५१ चा जन्म, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं शिक्षण, मराठी रंगभूमी. ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या तिशीत होत्या आणि पडद्यावर म्हातारपणापर्यंतची स्त्री साकारत होत्या. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांची आई झाल्या, जे त्यांच्याहून वयाने मोठे आहेत. साठी ओलांडल्यावर ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये आजी. स्वतःच्या वयापेक्षा मोठ्या भूमिका नाकारल्या असत्या तर ही सलगता आली नसती. अलीकडचं पाहायचं तर ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये निवेदिता सराफ आणि ‘आई कुठे काय करते’मध्ये मधुराणी प्रभुलकर यांनी मालिका स्वतःच्या खांद्यावर वाहिल्या, आणि त्यांची पात्रं विशीतली नव्हती.

तुमच्यासाठी करायचं काय? चार ताजे फोटो काढा: एक जवळून, एक कमरेपर्यंत, एक नऊवारीत आणि एक साध्या सुती साडीत, पांढरे केस असतील तर ते न लपवता. एक मिनिटाचं गंभीर आणि एक हलकंफुलकं स्वगत रेकॉर्ड करून ठेवा. नायिकेची आई म्हणून नऊ वर्षांनी लहान मुलीसमोर उभं राहायची तयारी आहे का, हे आधीच ठरवा. अशा भूमिकेसाठी फोन आला की उत्तर लगेच द्यावं लागतं.

दिग्दर्शक रात्री उशिरा नको ते मेसेज करतो. तक्रार केली तर भूमिका जाईल का? मी नोकरदार नाही, मग कायदा लागू होतो का?
नाव न छापण्याची विनंती

लागू होतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी, रोजंदारीवरच्या आणि कंत्राटावरच्या, सर्व स्त्रियांसाठी आहे. सेट, बाहेरगावचं चित्रीकरण आणि निर्मात्याने दिलेली गाडी हे सगळं कामाचं ठिकाण धरलं जातं. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य आणि एक बाहेरची व्यक्ती लागते. समिती नसेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. ती चालू असताना त्या व्यक्तीची बदली किंवा तुम्हाला रजा मागता येते. भूमिका जाण्याची भीती खरी आहे, ती खोटी ठरवून तुमची समजूत घालणार नाही. म्हणूनच मेसेज पुसू नका. तारीख आणि क्रमांक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, ते स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा आणि ‘मला असे मेसेज करू नका’ हे एकदा लिहून कळवा. नंतर तुमचे दिवस अचानक कमी झाले तर वर सांगितलेल्या वहीतल्या हजेरीच्या नोंदींवरून ते दाखवता येतं. पोलिसांत तक्रार करण्याचा मार्ग याशिवाय वेगळा आहे, आणि एकाने दुसरा बंद होत नाही.

सात वर्षांच्या मुलीला मालिकेत विचारलं आहे. शाळेचं आणि पैशांचं काय?
एक आई, ठाणे

बालकामगार कायद्याच्या नियमांत हे स्पष्ट आहे. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायला हवी. तिची प्रत मागा. दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनी विश्रांती, आणि सलग २७ दिवसांहून जास्त चित्रीकरण नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. शिक्षण बुडू नये ही जबाबदारी निर्मात्याची. मुलीच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत जायला हवेत, आणि ते तिला सज्ञान झाल्यावर मिळतात. म्हणून करारापूर्वीच तिचं खातं उघडा आणि त्याचा क्रमांक करारात घाला. ठेवीची पावती दर बिलासोबत मागा. मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची असल्यामुळे मुलांची दृश्यं मागे ढकलली जातात आणि पाच तास प्रतीक्षेतच संपतात. तसं होऊ नये म्हणून तिची दृश्यं सकाळी आधी उरकण्याची अट घाला. आणि मुलगी एखाद्या दिवशी नको म्हणाली तर तिच्या इच्छेविरुद्ध तिला उभं करता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.